शब्दाविना निवेदन : निःशब्द अनुबोधपटांची दृष्टी आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

अनुबोधपट म्हटला की भारतीय प्रेक्षकाला प्रथम आठवतो तो निवेदकाचा आवाज. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट अनेक दशके मुख्य चित्रपटाआधी दाखविले जात. धरण असो, कारखाना असो वा महापूर, पडद्यावर जे दिसते त्याचा अर्थ काय घ्यावयाचा हे एक ठाम, सर्वज्ञ स्वर सांगत असे. या परंपरेच्या नेमक्या विरुद्ध टोकाला अनुबोधपटांचा एक प्रवाह उभा आहे. त्यात निवेदन नाही, संवाद नाहीत, मुलाखती नाहीत आणि रूढ अर्थाने कथानकही नाही. दृश्य, गती आणि संगीत एवढ्याच साधनांनी मानव, निसर्ग आणि आधुनिक जीवन यांच्या संबंधांविषयी काही सांगण्याचा तो प्रयत्न आहे. गॉडफ्रे रेजिओ यांची ‘कोयानिस्कात्सी’ (१९८२), ‘पोवाकात्सी’ (१९८८) आणि ‘नाकोयकात्सी’ (२००२) ही चित्रत्रयी आणि रॉन फ्रिक यांचे ‘बराका’ (१९९२) व ‘संसारा’ (२०११) हे चित्रपट या प्रवाहाचे ठळक प्रतिनिधी होत.

या चित्रपटांमागे एक गृहीतक असते. शब्द दूर केले की चित्र स्वतः बोलू लागते आणि प्रेक्षक अर्थ लावण्यास मोकळा होतो, असे ते गृहीतक आहे. त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निवेदक नाहीसा झाला तरी निवेदन नाहीसे होत नाही. मात्र शब्दांबरोबर पडद्यावरील माणसाचा स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार हमखास नाहीसा होतो, असे या चित्रपटांच्या अभ्यासातून दिसून येते.

गती हीच भाषा

रेजिओ हे सुमारे चौदा वर्षे एका कॅथलिक धर्मसंघात राहिलेले आणि नंतर समाजकार्याकडून चित्रपटाकडे वळलेले दिग्दर्शक. रूढ भाषा आजच्या जगाचे वर्णन करण्यास असमर्थ ठरली आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून आपल्या पहिल्या चित्रपटाला त्यांनी इंग्रजी नाव न देता अमेरिकेतील होपी या आदिवासी समाजाच्या भाषेतील शब्द निवडला. ‘कोयानिस्कात्सी’ म्हणजे तोल ढळलेले जीवन. फ्रिक यांचे छायालेखन आणि फिलिप ग्लास यांचे संगीत लाभलेल्या या चित्रपटाने एक नवीच दृश्यभाषा रूढ केली.

या भाषेचे व्याकरण गतीवर आधारलेले आहे. महामार्गावरील रात्रीची वाहतूक शीघ्रगतीने दाखविली की वाहने दिसेनाशी होतात आणि प्रकाशाचे प्रवाह तेवढे उरतात. रेल्वे स्थानकातील गर्दी यंत्रातून बाहेर पडणाऱ्या मालासारखी वाहू लागते. आकाशातून टिपलेले शहर आणि संगणकातील सूक्ष्म परिपथ यांची चित्रे शेजारी येतात, तेव्हा त्यांतील साम्य प्रेक्षकाला एका क्षणात जाणवते. हे साम्य शब्दांत सांगितले असते तर ती एक सामान्य उपमा ठरली असती; डोळ्यांनी पाहिल्यावर ती अनुभव बनते. आधुनिक जीवनातील जी लय तिच्यात राहणाऱ्यालाच दिसत नाही, ती दृश्यमान करणे हे या चित्रपटांचे निर्विवाद श्रेय आहे.

तथापि येथेच एक प्रश्न उद्भवतो. माणसांना मुंग्यांसारखे दाखविणारी गती शहराची आहे की कॅमेऱ्याची? स्थानकातील प्रत्येक प्रवासी आपल्या नेहमीच्या चालीने चालत असतो. त्याला यंत्राचा भाग बनविते ते चित्रणाचे तंत्र. ढगांचे चित्रण याच तंत्राने होते तेव्हा परिणाम उदात्त वाटतो, माणसांचे होते तेव्हा विदारक. एकच तंत्र निसर्गाला भव्य आणि नागर जीवनाला क्षुद्र ठरवीत असेल, तर तेथे संकलन आणि संगीत मिळून निवाडा देत आहेत असे म्हणावे लागते. शिवाय चित्रपटाच्या अखेरीस शीर्षकाचा अर्थ आणि गायिलेल्या होपी भाकितांचा अनुवाद पडद्यावर अक्षरांत येतो. म्हणजे शब्दांवर अविश्वास दाखविणाऱ्या या कृतीला आपला शेवटचा शब्द अखेर शब्दांतच उच्चारावा लागतो.

या संदर्भात झिगा व्हर्टोव यांच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) या सोव्हिएत चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. आपण मध्यपट्ट्यांचा, म्हणजे दृश्यांमधील लिखित मजकुराचा, आधार घेणार नाही, असे तो चित्रपट आरंभीच जाहीर करतो. शहराची लय, यंत्रे, गर्दी हे सारे विषय त्यात आहेत. परंतु छायालेखक मिखाईल काउफमन कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यात सतत दिसतो. धावती दृश्ये मध्येच गोठतात, आणि संकलिका एलिझावेता स्विलोवा त्याच चित्रपट्ट्या हाताळताना दिसते. आपण पाहतो ते कोणीतरी रचलेले आहे, याची जाणीव व्हर्टोव प्रेक्षकाला देत राहतात. रेजिओ आणि फ्रिक यांच्या चित्रपटांत मात्र कॅमेरा कोणाचाच नसतो. जणू पृथ्वीच स्वतःकडे पाहत आहे असा आभास निर्माण होतो. फिल्म्स डिव्हिजनचा निवेदक निदान ऐकू येत असे, म्हणून त्याच्याशी मतभेदही शक्य होता. अदृश्य निवेदकाशी वाद घालणे अधिक अवघड असते.

निनावी माणसे, निनावी स्थळे

‘कोयानिस्कात्सी’मधील एक गाजलेली दृश्यमालिका सेंट लुईस शहरातील प्रूइट-आयगो या वसाहतीची आहे. फुटक्या खिडक्यांच्या रिकाम्या इमारती आणि नंतर सुरुंगांनी कोसळणारे त्यांचे सांगाडे यांतून आधुनिक नियोजनाचा पराभव सूचित होतो. वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी यांनी आखलेल्या या वसाहतीत अकरा मजली ३३ इमारती होत्या. १९५४ मध्ये तेथे वस्ती सुरू झाली, १९७२ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि १९७६ पर्यंत ती जमीनदोस्त झाली. वसाहतीच्या ऱ्हासामागे वांशिक विभाजन, शहराची घटती लोकसंख्या आणि भाड्याच्या तुटपुंज्या उत्पन्नावर टाकलेला देखभालीचा भार अशी कारणे होती. रहिवासी बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय होते. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या सार्वजनिक वसाहतींतील भाडेकरूंनी भाडे न भरण्याचे आंदोलनही केले. अर्थात या लोकांना सांगण्यासारखे पुष्कळ होते. चित्रपटात त्या इमारती येतात त्या रहिवाशांचा इतिहास मागे ठेवून. २०११ मध्ये चॅड फ्रीडरिक्स यांच्या ‘द प्रूइट-आयगो मिथ’ या अनुबोधपटात माजी रहिवासी बोलले, तेव्हा त्या भग्न भिंतींना घरांचा अर्थ परत मिळाला. रेजिओ यांनी दाखविलेले खोटे नव्हते. परंतु कारणांना चित्र नसते, आणि ज्याला चित्र नाही त्याला या शैलीत स्थानही नाही.

‘पोवाकात्सी’मध्ये ही अडचण अधिक तीव्र होते, कारण तेथे कॅमेरा दक्षिणेकडील गरीब देशांकडे वळतो. आरंभीच ब्राझीलमधील सेरा पेलादा येथील सोन्याची उघडी खाण दिसते. चिखलाने माखलेली असंख्य माणसे पोती पाठीवर घेऊन उभ्या चढणीवरून वर येत असतात. मंदगती चित्रण आणि ग्लास यांचे तालबद्ध संगीत यांमुळे त्या कष्टांना महाकाव्याची भव्यता येते. या दृश्यातून प्रेक्षकाला प्राचीन गुलामगिरीचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती १९८० च्या सुमारास उसळलेल्या सोन्याच्या लाटेने ओढली गेलेली माणसे होती. खाण लहान लहान पट्ट्यांत वाटलेली होती. पट्ट्यांना मालक होते आणि ओझे वाहणारे मजुरीवर राबत होते. कर्ज, आशा, स्पर्धा आणि बाजारभाव यांचे ते जाळे होते. ते न दिसल्यामुळे मजूर इतिहासातून निसटतो आणि ‘शाश्वत श्रमिका’ची प्रतिमा बनतो. त्याला गौरव मिळतो, पण त्याचा हिशेब मिळत नाही.

‘बराका’चे चित्रण २४ देशांत झाले. त्याच्या नावाचे मूळ असलेला अरबी शब्द मराठीत ‘बरकत’ म्हणून नित्याच्या वापरात आहे. या चित्रपटातील प्रार्थना, नृत्ये आणि भूदृश्ये यांचे सौंदर्य नाकारता येणार नाही. यंत्रपट्ट्यांवरून ढकलली जाणारी कोंबडीची पिल्ले आणि टोकियोतील प्रवाशांचे लोंढे यांची आलटून पालटून केलेली गुंफण या शैलीचे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत बोलके उदाहरण आहे. येथे कोणताही निवेदक काही बोलत नाही. पण प्रेक्षकापुढे दुसरा अर्थही ठेवला जात नाही.

याच चित्रपटात कोलकात्यातील कचऱ्याच्या डोंगरावर वस्तू वेचणारी माणसे दिसतात. मानवी अधोगतीचे चिन्ह म्हणून त्यांची योजना झाली आहे. या दृश्याशेजारी महाराष्ट्रातील एक घटना ठेवून पाहण्यासारखी आहे. ‘बराका’ प्रदर्शित झाल्यानंतर एका वर्षाने, १९९३ मध्ये, पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपण करतो ते काम आहे, त्याने शहराचा खर्च वाचतो आणि म्हणून आपल्याला ओळखपत्र व हक्क मिळाले पाहिजेत, ही त्यांची मांडणी होती. कोलकात्यातील वेचकांनी काय म्हटले असते हे त्या दृश्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. परंतु त्याच व्यवसायातील माणसे बोलू लागली की करुणेचा विषय हक्काचा विषय होतो, हे पुण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हे अंतर शब्दांनीच पार होते.

विरोधापेक्षा तपशील

निःशब्द शैली मूलतः सदोष आहे असा याचा अर्थ नाही. एस. सुखदेव यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘इंडिया ६७’ हा चित्रपट निवेदनाच्या त्या सरकारी परंपरेतच निवेदनाशिवाय उभा राहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यातही गरिबी आणि श्रीमंती, जुने आणि नवे असे ठळक विरोध आहेत. सत्यजित राय यांनी या चित्रपटाची प्रशंसा केली ती मात्र या विरोधांसाठी नव्हे, तर त्यातील बारकाव्यांसाठी. तापलेल्या वाळूवरून जाणारा किडा, उभ्या सायकलपाशी पाय वर करणारा कुत्रा, वादकाच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब अशा गोष्टींकडे त्यांनी लक्ष वेधले. या अभिप्रायात निःशब्द चित्रपटाच्या मूल्यमापनाची एक कसोटी दडलेली आहे. विरोध हा दिग्दर्शकाचा असतो. तपशील हा त्या जागेचा आणि त्या माणसाचा असतो. विरोध प्रेक्षकाला निष्कर्षाकडे ढकलतो, तर तपशील त्याला थांबवितो.

‘कोयानिस्कात्सी’तील सर्वोत्तम क्षणही या कसोटीस उतरतात. शीघ्रगतीच्या गदारोळात मधूनच कॅमेरा काही चेहऱ्यांवर स्थिरावतो. ती माणसे कॅमेऱ्याकडे पाहतात, संकोचतात, कोरडे हसतात. त्या नजरेत चित्रपटाच्या सिद्धान्तात न मावणारे काहीतरी असते, आणि म्हणूनच ती लक्षात राहते. राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) हा अनुबोधपट याही पुढे जातो. गुजरातमधील एका कापड कारखान्यातील यंत्रांची घरघर आणि कामगारांच्या हालचाली दीर्घकाळ शब्दाविना दिसत राहतात. ही शैली रेजिओंच्या जवळची आहे. परंतु अधूनमधून कामगार बोलतात. एक जण आपण कर्ज काढून, स्वतःहून येथे आलो असे सांगतो. पुढे जमलेले कामगार चित्रपट करणाऱ्यालाच विचारतात की तुम्ही आमच्यासाठी काय करणार. दृश्याचा विषय असलेला माणूस कॅमेऱ्याला जाब विचारतो तेव्हा कॅमेऱ्याचे अदृश्य राहणे संपुष्टात येते.

समारोप

फ्रिक यांच्या ‘संसारा’चा आरंभ आणि शेवट लडाखमधील भिक्षूंच्या वाळूच्या मंडलाशी निगडित आहे. मोठ्या कष्टाने रेखलेले मंडल अखेर पुसले जाते. जन्ममृत्यूचे चक्र आणि अनित्यता हा शीर्षकाचा संस्कृत अर्थ त्यातून साकार होतो. मराठीत मात्र ‘संसार’ या शब्दाचा पहिला अर्थ घरप्रपंच हा आहे. त्यात भांडीकुंडी आहेत, देणेकरी आहेत, आजारपणे आहेत, मुलांची नावे आहेत. ‘संसारा’मध्ये जावा बेटावरील ज्वालामुखीतून गंधक वाहून आणणारे मजूर दिसतात, पण त्यांतील एकाचाही संसार दिसत नाही. निःशब्द अनुबोधपटाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन अर्थांमधील अंतरात सामावलेल्या आहेत. सृष्टीचक्र तो दाखवू शकतो. प्रपंचाला मात्र बहुधा बोलीची गरज पडते.

महाविद्यालयांतील पर्यावरण, समाजशास्त्र वा माध्यम अभ्यासाच्या वर्गांत हे चित्रपट अवश्य दाखवावेत. पाहण्याची सवय मोडून नव्याने पाहावयास लावण्याची त्यांची शक्ती मोठी आहे. मात्र प्रकाश लागल्यानंतरची स्तब्धता हे आकलन समजू नये. हे स्थळ कोणते, ही माणसे कोण, हा वेग कोणी ठरविला आणि त्यांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, हे प्रश्न त्या स्तब्धतेनंतर विचारले गेले पाहिजेत. चित्रपटाने जे शब्द बाहेर ठेवले ते शोधण्याची जबाबदारी तेथून प्रेक्षकाची असते.