दगडाला पत्ता आहे, गाणाऱ्याला नाव नाही

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं त्या स्टीफन हिस्लॉपशी संबंधित दोन इंग्रजी पुस्तकं मी सध्या आलटून-पालटून वाचतेय. एक त्याचं चरित्र, जॉर्ज स्मिथनं १८८८ साली छापलेलं. दुसरं त्याच्याच कागदांतून तयार झालेलं, मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं, १८६६ चं. ते त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलनं संपादित केलं. माझा विषय जीवाश्म वनस्पती, त्यामुळे खरं तर मला त्याचे भूशास्त्रीय लेख पुरे होते. पण माझं गाव केशोरी. आजूबाजूला गोंडांची गावं. दुसऱ्या पुस्तकात लिंगोचं गीत आहे म्हटल्यावर ते बाजूला ठेवणं जमलं नाही.

आधी माणूस थोडक्यात. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा, जन्म १८१७ चा. फ्री चर्चचा मिशनरी म्हणून १८४४ च्या डिसेंबरात मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी नागपुरात आला. म्हणजे वय सत्तावीस. (मी या वयात अजून प्रकरण तीनच्या दुरुस्त्या करतेय.) नागपूर तेव्हा भोसल्यांचं, इंग्रजांच्या ताब्यात जायला अजून नऊ-दहा वर्षं होती. शेजारी कामठीला मद्रास सैन्याची छावणी. त्याच सैन्यातल्या विल्यम हिल या अधिकाऱ्याच्या देणगीवर हे मिशन उभं राहिलं होतं.

परदेशात धर्मकार्याला गेलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे या चरित्रात शोधायला गेलात तर तुमची थोडी निराशा होईल. स्मिथनं विल्यम केरी, अलेक्झांडर डफ, मुंबईचे जॉन विल्सन यांचीही चरित्रं लिहिली आहेत, आणि त्याचा साचा ठरलेला आहे. नायक उजेडात, बाकीचे त्याच्या उजेडात दिसतील तेवढेच. नागपूरचे लोक येतात ते धर्मांतरित म्हणून, विरोधक म्हणून किंवा मदतनीस म्हणून. शीर्षकातच हिस्लॉपला ‘मिशनरी आणि निसर्गअभ्यासक’ म्हटलंय. जणू सकाळी एक माणूस शाळेत शिकवायचा आणि संध्याकाळी दुसराच कोणीतरी हातोडी घेऊन निघायचा.

मला ही विभागणी पटत नाही. शाळा, मराठीतून प्रवचन, कामठीची फेरी आणि थंडी पडली की गावोगावचा दौरा, हे त्याचं काम होतं. खडक दिसायचे ते याच वाटांवर. टाकळी, तेलंगखेडी, सीताबर्डीची टेकडी, सिलेवाडा, मंगळी अशी त्याच्या भूशास्त्रीय लेखांतली नावं नकाशावर मांडून बघा. प्रचारासाठी फिरणाऱ्या माणसाचा वावर तुम्हाला समोर दिसेल. त्याचा शेवटचा दिवसही असाच. ४ सप्टेंबर १८६३ ला तो टेंपलबरोबर टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेला, तिथली शाळा तपासायला मागे थांबला, आणि संध्याकाळी परतताना बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात वाहून गेला. दगड, शाळा आणि पावसाळ्यातला नाला, सगळं एकाच दिवसात.

आता मुद्द्यावर येते. हिस्लॉपची नोंद घ्यायची पद्धत चांगली होती, आजच्या मापानंही चांगली. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्यानं नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. जीवाश्म कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, वर काय, खाली काय, हे सगळं त्यात येतं. आमच्या विषयात हेच सोनं असतं. पत्ता नसलेला जीवाश्म म्हणजे टेबलावर ठेवायचा शोभेचा दगड. मंगळीच्या लाल वालुकाश्मातली एका प्राचीन उभयचराची कवटी रिचर्ड ओवेनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं अभ्यासली. टाकळीच्या एका गोगलगायीला हिस्लॉपनं दिलेल्या नावात ‘टाकळी’ कायमचं बसलंय. त्याचं स्वतःचं नाव तर एका खनिजाला मिळालं आणि गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राणिवंशालाही (हिस्लोपिया).

हाच माणूस एका परधानाकडून लिंगोचं गीत लिहून घेतो. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. लिंगो तप करतो, बिंदो पक्ष्याची पिल्लं खाणाऱ्या नागाला मारतो, गोंडांची सुटका करतो आणि मग त्यांना विभागून देवपूजेची, लग्नाची रीत लावून देतो. मूळ गोंडी रोमन लिपीत दिलंय आणि बरोबर शब्दाला शब्द इंग्रजी. याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्यानं नुसता सारांश दिला असता तर आज गोंडी जाणणाऱ्याला तपासायला हातात काहीच उरलं नसतं. पुढे फोर्सिथनं १८७१ च्या पुस्तकात याच गीताचं लाँगफेलोच्या धाटणीचं इंग्रजी काव्य करून टाकलं. ते वाचलं की हिस्लॉपच्या कोरडेपणाची किंमत कळते.

पण ज्यानं हे गीत सांगितलं त्याचं नाव गीतापाशी नाही. ‘परधान’ एवढंच. गाव, वय, कोणत्या घराण्यांचा परधान, किंगरीवर गायला की बसून सांगितलं, किती बैठकी लागल्या, काही नाही.

तुम्ही म्हणाल, एकोणिसाव्या शतकात कोण असली नावं लिहीत होतं? पण मी आजची पट्टी लावत नाहीये, त्याचीच लावतेय. बाप्तिस्मा घेणाऱ्याचं नाव लिहिलं जात होतं. देणगी देणाऱ्याचं लिहिलं जात होतं. गोगलगायीचं गाव लिहिलं जात होतं. म्हणजे नोंद घ्यायची सवय होती, फक्त कशाची घ्यायची हे ठरलेलं होतं. दगड ‘नमुना’ होता आणि गीत ‘जमातीचं’. जमातीचं म्हटलं की कोणा एकाचं उरत नाही.

परधानाच्या बाबतीत ही उणीव जास्तच बोचते, कारण गाणं हा त्याचा वंशपरंपरेचा हक्क. ठरलेली गोंड घराणी त्याचे जजमान, त्यांच्याकडे तो गाणार, त्यांच्याकडून दान घेणार. तेव्हा परधान कोणता, यावर गीताचा पाठही बदलू शकतो. केशोरीजवळच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी या गीताचा काही भाग सांगितला, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कोन्या गावचा परधान होता तो?” महादेव-पार्वती या गीतात मुळातले की नागपूर शहराच्या शेजारामुळे आलेले, यावर बरंच लिहून झालंय. माझ्या मते त्या वादाला उत्तराची वाट याच एका प्रश्नातून जाते, आणि ती १८६६ सालीच बंद झाली.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकसा तालुक्यात, कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, आणि लिंगोनं सोडवलं ती गुहा हीच असं मानलं जातं. गोंडी धर्मावर आयुष्यभर लिहिणारे नागपूरचे मोतीरावण कंगाली यांच्यासारखे अभ्यासकही लिंगोपाशीच येतात. तिथे पुरावा म्हणून पुस्तक काढायची वेळ आली की हिस्लॉपचं नाव घ्यावं लागतं. सांगणाऱ्याचे वंशज त्या गर्दीत असतील तरी त्यांना ते सिद्ध करता यायचं नाही.

दुसऱ्या पद्धतीनं काम होऊ शकतं याचा दाखला मराठीतच आहे. मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या गटानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बायांच्या आणि गावांच्या नावांसकट. एकेका बाईचं नाव शोधून तिच्या सगळ्या ओव्या वाचता येतात.

आणि आम्ही विज्ञानवाले? प्रबंधांच्या आभारात ‘स्थानिक ग्रामस्थांचे सहकार्य लाभले’ हे वाक्य तुम्ही कितीदा वाचलंय? ओढ्यातला खडक नेमका कुठे उघडा पडलाय हे ज्यानं दाखवलं, त्याच्या आठवणीवर आमचं अख्खं प्रकरण उभं असतं, आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाचव्या स्थानापर्यंत असतात. माझ्या चिठ्ठीत मी आता एक रकाना वाढवलाय: ‘कोणी दाखवलं’. त्या माणसाला विचारून भरायचा. मार्गदर्शकांचं म्हणणं, हा रकाना मुख्य तक्त्यात नको, परिशिष्टात टाक. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.