कथानकदौर्बल्य

कथानकदौर्बल्य : कथात्म कलाकृतीतील घटनांच्या परस्परसंबंधांत राहिलेले शैथिल्य, विसंगती वा अपुरेपणा. नाटक, कादंबरी, चित्रपट आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संगणकावर खेळले जाणारे व्हिडिओ गेम या सर्वांच्या समीक्षेत ‘कथानक कच्चे आहे’ हा अभिप्राय वारंवार आढळतो. तथापि या एकाच अभिप्रायात दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. काही कृतींत कथानक मुळातच अल्प असते. घटना थोड्या असतात आणि त्यांना एकसूत्री गती नसते. अशा कथानकास कृश कथानक म्हणता येईल. दुसऱ्या काही कृतींत घटनांची रेलचेल असते, परंतु त्यांना जोडणारे दुवे तुटलेले असतात. योगायोग, दैवी हस्तक्षेप, पात्राच्या स्वभावाशी न जुळणारी कृती किंवा आधी दिलेल्या माहितीशी विसंगत असा उलगडा यांवर सारा डोलारा उभा असतो. यास भग्न कथानक म्हणणे योग्य ठरेल. कृश कथानकामुळे आस्वादाची हानी होतेच असे नाही. भग्न कथानकामुळे मात्र ती बहुधा होते आणि तिचे प्रमाण त्या कृतीने आपल्या रसिकाला कोणत्या गोष्टीचे आश्वासन दिलेले असते, यावर अवलंबून असते.

शास्त्रीय विचार : ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने काव्यशास्त्र या ग्रंथात कथानकास शोकात्मिकेचा आत्मा मानले. एक घटना दुसरीनंतर घडणे आणि एक घटना दुसरीमुळे घडणे यांतील अंतर त्याने स्पष्ट केले व ज्यात प्रसंग केवळ एकापाठोपाठ येतात, असे कथानक निकृष्ट ठरविले. युरिपिडीझच्या मीडिया (इ. स. पू. ४३१) या नाटकाच्या अखेरीस नायिका सूर्यदेवाने पाठविलेल्या रथातून निसटून जाते. कथानकाची सोडवणूक कथानकातूनच व्हावी, बाहेरून आणलेल्या यंत्राने होऊ नये, या तत्त्वाचे उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटलने हा शेवट सदोष ठरविला. मात्र शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण पटणारी घटना बरी, असेही त्याचे मत होते. म्हणजे त्याची कसोटी व्यवहारातील शक्यतेची नसून कृतीच्या अंतर्गत संगतीची होती.

भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्राने पाच अर्थप्रकृती, पाच कार्यावस्था व पाच संधी यांच्या द्वारा इतिवृत्ताच्या रचनेचे अत्यंत तपशीलवार विवेचन केले आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या ग्रंथात या रचनेस रसाच्या अधीन केले. संधी व संध्यंगे यांची योजना रसाला अनुकूल असावी, केवळ शास्त्राज्ञा पाळण्यासाठी ती करू नये, असे सांगून त्याने भट्टनारायणाच्या वेणीसंहार या नाटकाचा दाखला दिला. त्याच्या दुसऱ्या अंकात ‘विलास’ हे संध्यंग साधण्यासाठी दुर्योधन व भानुमती यांचा शृंगारप्रसंग आला आहे. तो शास्त्रोक्त असला, तरी प्रकृत रसाला मारक आहे, असा त्याचा आक्षेप होता. रचना निर्दोष असूनही आस्वाद बिघडू शकतो, हा या आक्षेपाचा मथितार्थ होय. ॲरिस्टॉटलची कार्यकारणाची कसोटी व आनंदवर्धनाची रसानुकूलतेची कसोटी एकत्र घेतल्याशिवाय कथानकदौर्बल्याचा निवाडा पुरा होत नाही.

कादंबरी : कादंबरीचा वाचक आपल्या गतीने वाचतो, तो थांबू शकतो, मागची पाने उलटू शकतो. त्यामुळे दुवे तपासण्याची सवड त्याला सर्वाधिक असते. तरीही भग्न कथानकाच्या काही कादंबऱ्या दीर्घकाळ लोकप्रिय राहिल्या आहेत. चार्ल्स डिकिन्झच्या ऑलिव्हर ट्विस्ट (१८३७–३९) या कादंबरीत पोरका ऑलिव्हर चोरांच्या टोळीत सापडतो. ज्या पहिल्या गृहस्थाचा खिसा त्याच्या सोबत्यांकडून कापला जातो, तो त्याच्या मृत पित्याचा मित्र निघतो आणि पुढे ज्या घरी घरफोडीसाठी त्याला नेले जाते, तेथे त्याची सख्खी मावशी राहत असते. असे दोन योगायोग घडणे अविश्वसनीय आहे. परंतु वाचकाचे मन गुंतते ते अनाथालयातील उपासमारीत, फेगिनच्या अड्ड्यात व नॅन्सीच्या शोकान्तात. या भागांत कार्यकारणभाव शाबूत आहे. योगायोग मुख्यतः ऑलिव्हरच्या सुटकेपुरते येतात.

मार्क ट्वेनच्या हकल्‌बरी फिन (१८८४) या कादंबरीत मात्र दौर्बल्य नेमके मर्मावर आघात करते. पळून आलेला गुलाम जिम याला मालकिणीच्या हवाली करायचे की नाही, या प्रश्नावर हक हा मुलगा आपल्याला नरकात जावे लागले तरी बेहत्तर, असा निर्णय घेतो. हा कादंबरीचा नैतिक कळस होय. त्यानंतरच्या प्रकरणांत टॉम सॉयर येऊन कोंडलेल्या जिमच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो आणि अखेर असे कळते, की मालकिणीने दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्राद्वारे जिमला मुक्त केले होते व टॉमला हे ठाऊक होते. परिणामी हकचा निर्णय व जिमचे हाल दोन्ही निरर्थक ठरतात. अर्नेस्ट हेमिंग्वेने १९३५ मध्ये हा शेवट त्याज्य ठरविला, टी. एस्. एलियटने १९५० मध्ये त्याचे समर्थन केले, तर लीओ मार्क्सने १९५३ मध्ये त्या समर्थनाचे खंडन केले. या वादात प्रश्न केवळ शेवट रंजक आहे की नाही, एवढाच नव्हता. माणसाला विकत घेणाऱ्या समाजाविरुद्ध कादंबरीने मांडलेली फिर्याद तिनेच मागे घेतली काय, हा होता.

मराठी कादंबरीत लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) पासून सुरू झालेली अद्भुतरम्य परंपरा योगायोगांवर पोसली गेली. ह. ना. आपटे यांनी पण लक्षात कोण घेतो? या कादंबरीत ती सोडून यमूच्या जीवनक्रमालाच कथानकाचे रूप दिले. या कादंबरीत रहस्य वा कारस्थान फारसे नाही. बालविवाह, वैधव्य व केशवपन ही साखळी त्या काळच्या रूढीतून अपरिहार्यपणे येते आणि तिची अपरिहार्यता हेच तिचे बळ होय. पुढे ना. सी. फडके यांनी प्रतिभासाधन (१९३१) या ग्रंथातून तंत्राचा पुरस्कार केला व गुंफण, उत्कंठा, कलाटणी यांत प्रावीण्य दाखविणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे कथानक क्वचितच भग्न असते. पण त्या सफाईमुळेच त्यांतील जीवन कृत्रिम भासते, असा आक्षेप घेण्यात आला. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) मध्ये याच्या अगदी उलट स्थिती आहे. खेड्यातील तरुण पुण्यास शिकायला येतो व काही न कमावता गावी परततो, एवढेच तिचे कथानक आहे. हे कृशत्व येथे अर्थपूर्ण आहे. कारण आयुष्याला कथानक नसणे हाच नायकाचा अनुभव आहे. बहीण मनी हिच्या मृत्यूचा प्रसंग कोणत्याही गुंफणीची पूर्वतयारी नसताना येतो आणि म्हणूनच तो जिव्हारी लागतो.

नाटक व चित्रपट : रंगभूमीवर व पडद्यावर काळाची गती प्रेक्षकाच्या हाती नसते. दुवा निसटला, तरी तो तपासण्यास तो थांबू शकत नाही. नट, संगीत व दृश्य त्याला पुढे घेऊन जातात. मराठी संगीत नाटकाने या स्थितीचा पुरेपूर लाभ घेतला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या सौभद्र (१८८२) या नाटकातील सुभद्राहरणाची कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक होती. पदाला ‘वन्समोअर’ मिळाला, की कथानक तेवढ्यापुरते थांबत असे व त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. प्रेक्षकास आश्वासन होते ते गाण्याचे व विनोदाचे आणि ते पाळले जात असे.

चित्रपटांत द बिग स्लीप (१९४६) या हॉवर्ड हॉक्सदिग्दर्शित रहस्यपटाचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. रेमंड चँडलरच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात एका मोटारचालकाचा मृत्यू कसा झाला, याचा उलगडा होत नाही. चित्रीकरणाच्या वेळी स्वतः चँडलरला विचारणा केली असता त्यालाही उत्तर देता आले नाही. चित्रपटाची १९४५ मध्ये तयार झालेली पहिली आवृत्ती परदेशी असलेल्या अमेरिकन सैनिकांना दाखविण्यात आली होती. तीत नायक व सरकारी अधिकारी प्रकरणाची उकल करून सांगतात असा प्रसंग होता. सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी तो वगळून हंफ्री बोगार्ट व लॉरेन बकॉल यांच्या संवादांचे नवे प्रसंग घालण्यात आले. म्हणजे कथानक अधिक दुर्बोध करण्यात आले आणि तरीही चित्रपटाने मोठे यश मिळविले. पहिली आवृत्ती १९९७ मध्ये उपलब्ध झाल्यावर तुलना करणाऱ्या अनेक समीक्षकांनी दुसरीलाच पसंती दिली. भ्रष्ट नगराचे वातावरण व नायक-नायिकांतील चकमक हा या चित्रपटाचा खरा विषय असल्याने तुटलेला दुवा प्रेक्षकाच्या आस्वादाच्या आड येत नाही. ज्या रहस्यकथेत वाचकाला गुन्हेगार ओळखण्याचे आव्हान दिलेले असते, तेथे मात्र अशी त्रुटी घातक ठरते. रॉनल्ड नॉक्सने १९२९ मध्ये सांगितलेल्या दहा नियमांत गुप्तहेराला अपघाताचे साहाय्य मिळू नये, असा नियम आढळतो, तो याच कारणाने.

प्रभात फिल्म कंपनीचा संत तुकाराम (१९३६) हा दामले–फत्तेलाल यांचा चित्रपट ॲरिस्टॉटलच्या कसोटीवर उतरणार नाही. त्याची रचना प्रसंगमालेची आहे. संकटे चमत्काराने दूर होतात आणि शेवटी तुकाराम दिव्य वाहनातून वैकुंठास जातात. मीडियाचा रथ व तुकारामांचे विमान यांत बाह्यतः फरक नाही. परंतु मीडियामध्ये संघर्ष मानवी वासनांचा असल्याने तेथे देवाचा रथ उपरा वाटतो, तर या चित्रपटाचे जग पहिल्या अभंगापासूनच भक्तीच्या नियमाने चालते. शिवाय तुकारामांची पत्नी आवली हिला सतावणारी घरातील अन्नाची चिंता चमत्कारांना सतत जमिनीवर आणते. त्यामुळे चमत्कार ही सुटकेची पळवाट न राहता दोन जीवनदृष्टींतील वादाचा भाग होतो.

व्हिडिओ गेम : खेळात रसिक केवळ पाहत नाही, तर कृती करतो. कादंबरीत कार्यकारणभाव कथानक पुरविते. खेळात तो प्रामुख्याने नियम पुरवितात. अल्येक्सेई पझित्नोव्हच्या टेट्रिस (१९८४) या खेळास कथानकच नाही आणि त्याची उणीव भासत नाही. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) मध्ये राजकन्येची सुटका हे निमित्त आहे. आठपैकी पहिल्या सात विभागांच्या अखेरीस ती दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे कळते. कादंबरीत ही सातपट पुनरुक्ती असह्य झाली असती; येथे खेळाडूचे लक्ष उडी चुकली की साधली याकडे असते. डूम (१९९३) या खेळासाठी टॉम हॉलने तयार केलेला विस्तृत कथाराखडा निर्मात्यांनी बव्हंशी बाजूस ठेवला, तरी त्या खेळाने इतिहास घडविला. अशा खेळांत नियमच मधे बदलले किंवा अन्यायकारक ठरले, तर जो उद्वेग होतो, तो भग्न कथानकाने होणाऱ्या उद्वेगाच्याच जातीचा असतो.

मात्र खेळाडूच्या निर्णयांवर कथा अवलंबून राहील, असे आश्वासन दिल्यास कथानकाची जबाबदारी कादंबरीहूनही वाढते. मास इफेक्ट (२००७, २०१०, २०१२) या तीन भागांच्या मालिकेत आधीच्या भागांतील निर्णय पुढच्या भागात नेण्याची सोय होती. तिसऱ्या भागाचा शेवट मात्र मोजक्या व बऱ्याच अंशी सारख्या दिसणाऱ्या पर्यायांत आटोपला, तेव्हा खेळाडूंनी तीव्र निषेध केला. बायोवेअर या निर्मात्या संस्थेने जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट विनामूल्य उपलब्ध करून दिला. संताप शेवट शोकमय असल्याचा नव्हता. कित्येक तासांच्या स्वतःच्या निवडी वाया गेल्याचा होता. हकचा निर्णय व्यर्थ झाल्याने वाचकास जे वाटते, तेच येथे खेळाडूच्या वाट्यास प्रत्यक्ष आले.

मूल्यमापन : कथानकाचे महत्त्व केवळ उत्कंठेत असते, हा समज पुरेसा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जोनाथन लेव्हिट व निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कथेचा शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना ती कथा अधिक आवडल्याचे दिसले. नंतरच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष याच्या उलट आले असल्याने हा प्रश्न निकालात निघालेला नाही. परंतु सौभद्र वा रामायण पुनःपुन्हा ऐकणाऱ्या श्रोत्याचा अनुभव लक्षात घेता शेवट ठाऊक असणे व कथानक निरर्थक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मान्य करावे लागते. घटना कळल्यावरही ती तशीच का घडली, हे जाणण्याचे सुख शिल्लक राहते. भग्न कथानक हेच सुख हिरावून घेते.

यावरून समीक्षकाने दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. कृतीचे आश्वासन कथानकाविषयी आहे की वातावरण, व्यक्तिचित्रण, गायन वा खेळाचे कौशल्य यांविषयी आहे, हा पहिला प्रश्न होय. तुटलेला दुवा कृतीच्या परिघावर आहे की तिच्या मर्मावर आहे, हा दुसरा होय. परिघावरील त्रुटी इतर गुणांनी झाकली जाते. मर्मावरील त्रुटी उत्तम भाषा, अभिनय वा चित्रण यांनीही भरून निघत नाही. कारण तेथे रसिकाची निराशा केवळ करमणुकीत होत नाही. पात्राने केलेल्या वा स्वतः केलेल्या निवडीला काही अर्थ आहे, या त्याच्या विश्वासालाच तडा जातो.