कर्ता, कागद आणि मालकी : ग्राक्यूस बाबफच्या लेखनाचा प्रश्न

फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात ग्राक्यूस बाबफ (१७६०–१७९७) याला ‘समानांच्या कटा’चा सूत्रधार म्हणून स्थान मिळाले आहे, तर समाजवादाच्या इतिहासात त्याची गणना स्वप्नदर्शी विचारवंतांच्या पहिल्या पिढीत होते. दोन्ही ठिकाणी त्याच्या विचारांचे सार म्हणून बहुधा एकच संहिता पुढे ठेवली जाते : १७९६ मधील ‘समानांचा जाहीरनामा’. ही संहिता मात्र बाबफने लिहिलेली नाही. ती सील्व्हॅं मारेशाल या कवी-नाटककाराने लिहिली आणि कटाच्या गुप्त समितीने ती प्रसिद्ध करण्यास नकार दिला. हा तपशील सामान्यतः तळटीपेत उरकला जातो. वस्तुतः तो बाबफच्या विचाराच्या गाभ्यापर्यंत नेणारा आहे. जमिनीची मालकी आणि लेखनाची मालकी हे त्याच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न नाहीत.

बाबफचा जन्म पिकार्दी प्रांतातील सॅं-कांतॅं येथे एका गरीब कुटुंबात झाला. क्रांतीपूर्वी तो सरंजामदारांच्या जमिनींचे दस्तऐवज तपासण्याचा व्यवसाय करीत असे. जुन्या सनदा आणि खंडाच्या नोंदी धुंडाळून धन्याचे विस्मरणात गेलेले हक्क पुन्हा सिद्ध करणे, असे या व्यवसायाचे स्वरूप होते. सरदारवर्गाने केलेल्या बळकावणीचे रहस्य आपल्याला या दप्तरांच्या धुळीतच उमगले, असे त्याने पुढे नमूद केले आहे. मालकी निसर्गाने दिलेली नसून ती कागदावर रचली जाते, हे ज्ञान त्याला रूसोच्या वाचनाइतकेच या कामाने दिले. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची भूमापनविषयक पुस्तिका याच अनुभवातून आली. न्याय्य करआकारणीसाठी जमिनीची नोंद कशी ठेवावी, हे सांगता सांगता ती विषमतेच्या मुळाकडे वळते. पुढे १७९३ मध्ये, राष्ट्रीय मालकीच्या जमिनीच्या विक्रीच्या कागदात एका खरेदीदाराच्या जागी दुसऱ्याचे नाव घातल्याबद्दल त्याला त्याच्या गैरहजेरीत २० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. कागदावरील एका नावाचे सामर्थ्य किती असते, याचा हा दुसरा आणि कटू धडा होता.

‘ग्राक्यूस’ हे नावदेखील त्याने वाचनातून उचललेले. जमिनीच्या फेरवाटपासाठी प्राण गमावलेल्या रोमन ट्रिब्यून बंधूंचे हे नाव १७९४ मध्ये त्याने धारण केले आणि आपल्या पत्राचे नाव ‘जनतेचा ट्रिब्यून’ असे ठेवले. या पत्राच्या ३५ व्या अंकात (३० नोव्हेंबर १७९५) त्याची भूमिका सर्वाधिक स्पष्टपणे प्रकटते. प्रत्येकाने आपले उत्पादन सार्वजनिक कोठारात जमा करावे आणि तेथून सर्वांना समान वाटप व्हावे, ही त्याची योजना. तिच्या व्यवहार्यतेचा पुरावा म्हणून तो कोणत्याही काल्पनिक बेटाकडे जात नाही. प्रजासत्ताकाच्या बारा सैन्यांतील बारा लक्ष माणसांचे पोषण याच पद्धतीने होते, याकडे तो बोट दाखवितो. ‘स्वप्नदर्शी’ हे विशेषण येथे अपुरे पडते.

याच लेखात तो बुद्धिमत्तेच्या फळांनाही मालमत्तेच्या कक्षेतून बाहेर काढतो. कोणताही शोध आधीच्या शोधांवर उभा असतो आणि शोधकर्त्याला समाजाने घडविलेले असते. म्हणून प्रतिभेची निर्मिती ही सर्वांची मिळकत ठरते, असा त्याचा युक्तिवाद आहे. या युक्तिवादाचे वजन त्याच्या काळाच्या संदर्भातच कळते. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १९ जुलै १७९३ रोजी, त्याच प्रजासत्ताकाने कायदा करून लेखकाला आपल्या कृतीवर हयातभर आणि त्याच्या वारसांना त्यानंतर दहा वर्षे मालकी बहाल केली होती. क्रांतीने लेखकाला मालक केले, आणि त्या मालकीचा पाया बाबफ नाकारीत होता.

मारेशालच्या जाहीरनाम्याचा अस्वीकार या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. फिलिप ब्वोनारोती या सहकाऱ्याने दिलेल्या माहितीनुसार समितीचा आक्षेप दोन विधानांवर होता. खऱ्या समतेसाठी वेळ पडल्यास सर्व कलांचा नाश पत्करावा, हे एक. आणि शासक व शासित हा भेदच नाहीसा व्हावा, हे दुसरे. समितीने नाकारलेली ही विधानेच पुढे बाबफच्या नावावर चिकटली आणि कलाद्वेष्टा समतावादी ही त्याची प्रतिमा रूढ झाली. पण प्रतिभेची निर्मिती सर्वांची आहे असे म्हणणे आणि ती नष्ट झाली तरी चालेल असे म्हणणे, यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात कलेला वारसा मानले आहे, दुसऱ्यात अडथळा. समीक्षेने हे अंतर पुसू देता कामा नये. तरीही नाकारलेले विधान बाबफचे नाही एवढे म्हणून सुटका होत नाही. ज्या चळवळीत तो होता तिच्यातच ते लिहिले गेले, आणि सामूहिक लेखनाचा पुरस्कार करणाऱ्याला त्याची जबाबदारी पूर्णपणे झटकता येत नाही.

ग्रिसेल या सहभागी लष्करी अधिकाऱ्याने कट फोडला आणि १० मे १७९६ रोजी बाबफ पकडला गेला. त्याच्याकडे सापडलेली कागदपत्रे खुद्द सरकारनेच छापून प्रसिद्ध केली. म्हणजे त्याच्या लेखनाचा मोठा प्रकाशक त्याचा फिर्यादीच ठरला. व्हांदोम येथील खटल्यात त्याने आपल्या विचारांच्या समर्थनार्थ रूसो, माब्ली आणि दीद्रो यांचे आधार दिले. दीद्रोचा म्हणून त्याने सांगितलेला ग्रंथ वास्तविक मोरेली या लेखकाचा, १७५५ मधील होता. त्या काळी तो दीद्रोच्या नावावर खपत असे. जीव पणाला लागलेल्या बचावाचा एक खांब असा चुकीच्या नावावर उभा होता. त्यातील विचार मात्र त्यामुळे ढळला नाही.

ज्यूरीने कटाचा आरोप मान्य केला नाही. १७९३ च्या संविधानाची पुनःस्थापना व्हावी असे भाषण किंवा लेखन करणाऱ्यास देहदंड देणारा कायदा १६ एप्रिल १७९६ रोजी करण्यात आला होता. त्या कायद्याखाली बाबफ आणि दार्ते यांना दोषी ठरवून २७ मे १७९७ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. ब्वोनारोतीला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याने १८२८ मध्ये ब्रसेल्स येथे कटाचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि पुढील पिढ्यांना बाबफ मुख्यतः या ग्रंथातून भेटला.

लेखन शिक्षेस पात्र ठरते तेथे ‘कर्ता’ अस्तित्वात येतो, हे फुकोने १९६९ मध्ये मांडले. कर्त्याच्या मृत्यूची बार्तची घोषणा त्याआधीची. या सिद्धान्तांची चर्चा बहुधा अभिजात साहित्याच्या उदाहरणांवर होते. बाबफच्या बाबतीत मात्र तीन वर्षांच्या आत झालेले दोन कायदे कर्त्याच्या दोन्ही बाजू उघड करतात. एकाने लेखकाला मालकी दिली, दुसऱ्याने देहदंड. त्याने पहिली नाकारली. दुसरा त्याला चुकविता आला नाही. लेखन कोणा एकाचे नसते हे तत्त्व मान्य करणाऱ्या समीक्षेला, त्या लेखनासाठी मान कोणाची गेली हा प्रश्न टाळता येणार नाही.