कर्ता : अज्ञात

कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या वेबसाइटवर ‘कूलमन’ शोधून बघा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक लांबट, उथळ लाकडी भांडं दिसेल. खाली लाकूड, लांबी, रुंदी आणि ते गोळा करून नेणाऱ्याचं नाव. ते कोरणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात मात्र बहुतेकदा ‘अज्ञात’.

असे रकाने बनवणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून सांगतो, रकाना निरागस नसतो. काय महत्त्वाचं, हे तो आधीच ठरवून बसलेला असतो.

‘कूलमन’ हा शब्दच घ्या. न्यू साउथ वेल्समधल्या गमिलराय भाषेतून तो इंग्रजीत आला आणि अख्ख्या ऑस्ट्रेलियातल्या भांड्यांना चिकटला. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जन्तजारा भाषेत ओझं वाहायचं मोठं भांडं म्हणजे ‘पिती’, माती उकरायचं छोटं ते ‘वीरा’, बी पाखडायचं उथळ ते ‘कानिल्पा’. बायका पिती डोक्यावर घेतात, खाली केसांच्या दोरीची ‘मंगुरी’. आपल्याकडे तिला चुंबळ म्हणतात. सूप आणि परात यांना कुणी एकच नाव दिलं, तर आपली आजी हसेल. कॅटलॉगने नेमकं तेच केलंय.

या भांड्याचं सौंदर्यही नोंदीत मावत नाही. त्याचा बाक बऱ्याचदा झाडातच असतो. फुगीर खोड किंवा वळलेलं मूळ हेरायचं, तेवढाच भाग कापून घ्यायचा आणि आतून कोरायचा. जिवंत झाडाची जखम हळूहळू भरते, पण व्रण राहतो. आग्नेय ऑस्ट्रेलियात व्रणांची अशी जुनी झाडं वारसा म्हणून जपतात. संग्रहालय जे विसरलं, ते झाडाने लक्षात ठेवलं.

उलुरूजवळ ‘मारुकु आर्ट्स’ ही अनंगु लोकांच्या मालकीची संस्था आहे. तिथले कलाकार तापलेल्या तारेने लाकडावर ‘वाल्का’ म्हणजे नक्षी डागतात. पर्यटकांसाठी केलेला माल म्हणून नाक मुरडणारे असतीलच. मला मात्र काचेतल्या ‘अस्सल’ भांड्यापेक्षा हे जास्त खरं वाटतं, कारण इथे कोरणाऱ्या माणसाला नाव आहे.

उरतो आमचा रकाना. ‘अज्ञात’ऐवजी तिथे ‘विचारलं नाही’ असं लिहायला हवं. बहुतेक नोंदींपुरतं तरी तेच खरं असेल.