आघाताचा आकडा नेमका कुणाचा?

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर भागातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांकडे निघालेल्या या गाड्या कालव्यांवरच्या आणि ओढ्यांवरच्या लहान लहान पुलांवरून जात असतात. असा पूल आखताना अभियंता गाडीच्या वजनात ‘आघाता’पोटी काही वाढ धरतो. त्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेत आरसीसी पुलांकरिता एक सोपे सूत्र आहे. गाळ्याच्या मीटरमधील लांबीत ६ मिळवायचे आणि त्या बेरजेने ४.५ ला भागायचे. गाळा १२ मीटरचा असेल तर उत्तर ०.२५ येते, म्हणजे वजन सव्वापट धरायचे. हा झाला चालत्या गाडीच्या उसळण्याचा हिशेब. पण वाजवीपेक्षा उंच भरलेली गाडी पुलाखालून जाताना वरच्या तुळईवर आदळली, तर त्या धडकेला हे सूत्र लागू नाही. दोन्हींना आपण ‘आघात’ असेच म्हणतो आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. या लेखात आम्ही दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे धडकेविषयी, आणि प्रयोगशाळेत तिचे बल मोजण्याच्या रूढ पद्धतीविषयी लिहीत आहोत.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत आता अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आपल्या हातून दहावी-बारावी झालेली मुले तिथे किंवा पुण्याला जाऊन काँक्रीटच्या तुळया फोडतात. अशा प्रकल्पांचे अहवाल राज्यभरातून आमच्या पाहण्यात येतात. त्यांतल्या पुष्कळांत एक ठरावीक वाक्य असते: ‘तुळईने इतक्या किलोन्यूटनचा आघात सहन केला.’ आमचा आक्षेप या वाक्याला आहे.

पहिली गोष्ट अशी की, कित्येकदा हा आकडा मोजलेलाच नसतो. १०० किलोग्रॅमचा हातोडा १ मीटरवरून सोडला तर त्याची ऊर्जा ९८१ जूल. तो १ सेंटिमीटरमध्ये थांबला असे मानून भागाकार केला की बल ९८ किलोन्यूटन येते, आणि २ सेंटिमीटर मानले की ४९. म्हणजे उत्तर तुळईने दिलेले नसून आपण मानलेल्या सेंटिमीटरने दिलेले असते. शिवाय ही झाली सरासरी. कमाल बल तिच्याहून बरेच मोठे असते.

काही ठिकाणी ठोके मोजतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या तंतुयुक्त काँक्रीटवरील समितीने सुचवलेल्या चाचणीत ४.५४ किलोग्रॅमचा हातोडा ४५७ मिलिमीटरवरून एका पोलादी गोळीवर पडतो, आणि खालची काँक्रीटची चकती किती ठोक्यांनी तडकते ते पाहतात. दोन मिश्रणांची तुलना करायला ही चाचणी चांगली आहे, स्वस्तही आहे. मात्र प्रत्येक ठोक्याचे २० जूल धरून त्यांची बेरीज करायची आणि ‘चकतीने इतकी ऊर्जा शोषली’ असे लिहायचे, हे बरोबर नाही. गोळी, बैठक, खालची जमीन आणि हातोड्याची उसळी यांचाही त्या २० जुलांत वाटा असतो.

आता ज्यांच्याकडे खरोखर बलमापक आहे, लोडसेल आहे, त्यांच्याकडे वळू. तिथली चूक अधिक बारीक आहे आणि आमच्या मते अधिक धोक्याचीही आहे.

जडत्व शिकवताना आपण एक प्रयोग करतो. एक जड दगड दोऱ्याने टांगायचा, दगडाखाली तसाच दुसरा दोरा बांधायचा. खालचा दोरा सावकाश ओढला तर वरचा तुटतो; हिसका दिला तर खालचा तुटतो आणि वरच्याला पत्ताही लागत नाही. हातोडा तुळईवर पडतो तेव्हा हेच घडते. हातोड्यातला लोडसेल म्हणजे खालचा दोरा, तुळईचे आधार म्हणजे वरचा दोरा आणि तुळई स्वतः म्हणजे दगड. लोडसेल जे बल दाखवतो त्याचा मोठा भाग पहिल्या काही मिलिसेकंदांत तुळई वाकवण्यात जात नाही, तिला गती देण्यात जातो.

हा भाग किती मोठा असू शकतो? समजा, १५० मिलिमीटर रुंद, २०० मिलिमीटर खोल आणि २ मीटर गाळ्याची तुळई आहे. तिचे वस्तुमान सुमारे १५० किलोग्रॅम. तुळईचा मध्य सर्वांत वेगाने हलतो, टोके जवळजवळ स्थिर असतात. मध्यापासून टोकांपर्यंत त्वरण सरळ रेषेत कमी होत जाते असे धरले, तर मध्यावर परिणामकारक वस्तुमान त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे ५० किलोग्रॅम भरते. मध्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या १०० पट असेल (अशा चाचण्यांत हे मुळीच अवाजवी नाही), तर नुसत्या जडत्वापोटी ४९ किलोन्यूटन लागतात. याच तुळईत खाली १२ मिलिमीटरच्या दोन सळया असतील, तर सावकाश भार देऊन ती साधारण ३५ किलोन्यूटनला मोडते. म्हणजे आघाताच्या वेळी लोडसेलने ८४ दाखवले, तर तुळईची ताकद २.४ पट वाढली असे मुळीच नाही. ३५ तिचे, ४९ जडत्वाचे.

हे काही नवे ज्ञान नाही. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बेंटूर, मिंडेस आणि बंथिया यांनी तुळईवर ठिकठिकाणी त्वरणमापक बसवून जडत्वाचे बल वजा करण्याची रीत १९८६ साली प्रसिद्ध केली. तरीही वजाबाकी न केलेले आकडे आजही छापले जातात.

यावर कुणी म्हणेल, वजाबाकी केली की झाले. तेवढ्याने भागत नाही. जडत्वाचे बल खोटे नसते. आधारांना हातोड्याची बातमी पोहोचायलाच वेळ लागतो, आणि तोवर हातोड्याखालचा तुकडा खाली ढकलला जात असतो तर शेजारचे काँक्रीट जागचे हलायला तयार नसते. त्यामुळे हातोड्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या भेगा पडून मधला तुकडा पाचरीसारखा सुटू पाहतो. टोरांटो विद्यापीठात साट्ची आणि वेकियो यांनी ८ तुळयांवर सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने वजने पाडली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, सावकाश भाराखाली वाकून मोडल्या असत्या अशा तुळयांतही या भेगा दिसल्या. या भेगांना अडवतात त्या रिंगा. ‘आघातात तुळई अडीचपट मजबूत होते’ हा आकडा खरा मानून कुणी रिंगांमधले अंतर वाढवले, तर चूक कागदावर राहणार नाही.

उपकरणांबद्दल थोडेसे. लोडसेलच्या खाली हातोड्याचे ५ किलोग्रॅमचे टोक असेल आणि ते २०० पट गुरुत्वत्वरणाने मंदावत असेल, तर प्रत्यक्ष स्पर्शाचे बल लोडसेलच्या वाचनापेक्षा जवळजवळ १० किलोन्यूटनने जास्त असते. पहिला ठोका एखाद्या मिलिसेकंदात संपतो. सेकंदाला १,००० नोंदी घेणारा नोंदक त्यातला एखादाच बिंदू पकडतो, आणि तोच शिखराचा असेल याची काही शाश्वती नाही. सेकंदाला १ लाख नोंदी घेतल्या तर त्याच ठोक्याचे १०० बिंदू मिळतात. अहवालात लोडसेलची क्षमता आणि बनावट ठळक अक्षरांत असते. नोंदींचा वेग मात्र बहुधा नसतोच.

मग आकडा खरा की खोटा हे ओळखायचे कसे? एक कसोटी अकरावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. बल-काळ आलेखाखालचे क्षेत्रफळ हातोड्याच्या संवेगातील बदलाएवढे आले पाहिजे. १ मीटरवरून पडलेल्या १०० किलोग्रॅम हातोड्याचा संवेग ४४३ न्यूटन-सेकंद असतो. उसळी असेल तर तिचा संवेग त्यात मिळवायचा, आणि आघात लांबला तर हातोड्याच्या वजनाचाही हिशेब धरायचा. क्षेत्रफळ ३०० भरले तर मोजणीत काहीतरी निसटले आहे, मग शिखर कितीही देखणे असो. दुसरी कसोटी आधारांची. आधारांखालीही लोडसेल हवेत, आणि टोके सुरुवातीला वर उचलली जातात म्हणून ती वरूनही आवळलेली हवीत. हातोड्याचे शिखर आणि आधारांचे शिखर वेगळे असणारच, वेळही वेगळी असणार. पण सारे शांत झाल्यावर, तुळईचे व तिच्यावर टेकून राहिलेल्या हातोड्याचे वजन हिशेबात धरून, दोन्हीकडची क्षेत्रफळे जुळली पाहिजेत. ज्या अहवालात आधारांचा आलेखच नाही, त्यातल्या हातोड्याच्या आकड्यावर आम्ही तरी विसंबत नाही.

शाळेत लोडसेल नसतो, पण रद्दीवाल्याकडे असतो तसे दोन ताणकाटे मिळू शकतात. एक वर टांगावा, त्याला ५ किलोग्रॅमचा दगड बांधावा आणि दगडाखाली दुसरा काटा. दगडाखाली जाडशी गादी ठेवायला विसरू नये. खालचा काटा सावकाश ओढला की दोन्हींचे वाचन सारखेच वाढते. हिसका दिला की खालचा उडी मारतो आणि वरचा जेमतेम हलतो. किती झटकन ओढले म्हणजे वरचा हलेनासा होतो, दगड दुप्पट जड केला तर काय होते, हे मुलांनाच शोधू द्यावे. खालच्या काट्याची उडी तरी खरी किती, असे एखादी मुलगी विचारीलच. त्या काट्यालाही स्वतःचे वस्तुमान आहे, स्वतःची स्प्रिंग आहे, आणि एवढ्या झटक्यात तो किती मागे राहतो हे पाहायला वेगळा प्रयोग रचावा लागतो.