तळोदे परिसरातील जुनी चांदी : तिचे वाचन

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तळोदे परिसरातील भिल्ल व पावरा स्त्रियांच्या चांदीच्या अलंकारांना 'जड' आणि 'ओबडधोबड' ही दोन विशेषणे सहज लावली जातात. पहिले यथार्थ आहे. दुसरे पाहणाऱ्याच्या घाईचे द्योतक होय.

स्कँडिनेव्हियातील जुन्या चांदीच्या परीक्षकाला धातूवरच मजकूर सापडतो. डॅनिश चांदीवर तीन मनोऱ्यांचा छाप आढळतो. स्वीडनमध्ये वर्षदर्शक अक्षराची पद्धत १७५९ पासून देशभर रूढ झाली. सातपुड्यातील जुन्या चांदीवर असा छाप सहसा नसतो. म्हणून ती निनावी ठरत असली, तरी अवाच्य ठरत नाही.

रुपयांच्या माळेत काळाचा एक पुरावा आयताच मिळतो. 'सम्राज्ञी' ही व्हिक्टोरियाची पदवी असलेले रुपये १८७७ पासूनचे; अर्थात माळ त्यापूर्वीची असणे शक्य नाही. नंतरची मात्र कितीही असू शकेल, आणि हौशी संग्राहक नेमके हेच विसरतो. जुना रुपया तोळाभर वजनाचा, बारांत अकरा भाग चांदीचा. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आले. त्यामुळे नाण्यावरील वर्ष धातूचा कसही सांगते.

नाणे नसेल तेथे झीज पाहावी. बहुत वर्षे अंगावर राहिलेल्या हांसडीची आतली कड मानेच्या घर्षणाने गुळगुळीत होते, नक्षीचे उंचवटे बोथटतात आणि काळिमा केवळ खोबणीत उरतो. सर्वत्र सारखा काळेपणा संशयास्पद समजावा. उजळा देऊन चकचकीत केलेल्या नगावरून तर हा सारा पुरावाच पुसला जातो. घडणीचा विचारही याच दृष्टीने व्हावा : टोकांकडील जाडी, मधला बाक आणि खांद्यावर वाटला जाणारा भार यांत सोनाराचा हिशेब दिसतो. त्याला ओबडधोबड कसे म्हणावे?

'हांसडी' हा शब्दही येथे साक्षी आहे. तो गळ्याखालच्या हाडाचा वाचक. त्या हाडावर विसावणाऱ्या अलंकारास तेच नाव मिळाले. अलंकाराची व्याख्या शरीरावरील स्थानाने होते, हे 'आदिवासी चांदी' या सरसकट संज्ञेत हरवते. सोनाराच्या तराजूतही निराळे घडत नाही. अडचणीच्या वर्षी हांसडी मोडीत जाते तेव्हा घडणावळ शून्य धरली जाते. झिजलेली कड तेथे वजनातील तूट म्हणूनच मोजली जाते.