‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ : चित्रपटवेड आणि प्रेक्षकाचे हसू

फैझा अहमद खान दिग्दर्शित ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाचा उल्लेख बहुधा चित्रपटवेडाची गमतीदार कथा म्हणून केला जातो. हे वर्णन अपुरे आहे. या वेडामागील श्रम आणि ज्ञान दृश्यमान करणे, हे या कलाकृतीचे खरे महत्त्व होय.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. २००६ व २००८ मधील बॉम्बस्फोटांमुळे त्याची ओळख बातम्यांपुरती संकुचित झाली होती. याच शहरात नासिर शेख आणि त्यांचे सहकारी लोकप्रिय चित्रपटांची विडंबने अत्यल्प खर्चात तयार करीत आले. ‘मालेगाव के शोले’नंतर त्यांनी हाती घेतलेल्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ची निर्मितिप्रक्रिया हा या माहितीपटाचा विषय आहे.

यंत्रमागावर राबणारा, शरीराने अगदी किरकोळ असलेला शफीक महामानवाच्या वेशात अवतरतो तेव्हा प्रेक्षक हसतो. परंतु हे हसू विडंबनाला उद्देशून आहे की दारिद्र्याला, असा प्रश्न लवकरच उभा राहतो. दिग्दर्शिका त्याचे उत्तर निवेदनातून देत नाहीत; त्या काम दाखवितात. सायकलवर कॅमेरा चढविला जातो, बैलगाडीकडून क्रेनचे काम करवून घेतले जाते, उड्डाणाच्या दृश्यासाठी हिरवे कापड ताणले जाते. व्हिडिओ पार्लर चालविताना असंख्य चित्रपट पाहून नासिर यांनी कमावलेली दृष्टी या प्रत्येक युक्तीमागे आहे. मुख्य प्रवाहातील चित्रपट आपले श्रम लपवितो. येथे काही क्षणांच्या उड्डाणामागील सर्व खटाटोप समोर येतो. परिणामी प्रेक्षकाचे हसू टिकते, मात्र त्यातील उपहास गळून पडतो.

लेखक फरोग जाफरी यांच्या बोलण्यातून या आनंदाची दुसरी बाजू प्रकट होते. मुंबई नकाशावर जवळ असली तरी तिथल्या चित्रपटसृष्टीत शिरकाव होणे दुरापास्त आहे. ही वेदना माहितीपटाला भाबड्या कौतुकापासून वाचविते.

तथापि एक मर्यादा नोंदवावी लागते. स्थानिक स्त्रिया पडद्यावर येत नाहीत. अभिनेत्री बाहेरगावाहून आणाव्या लागतात. माहितीपट या वास्तवाला स्पर्श करतो, परंतु त्याच्या मुळाशी जात नाही. चित्रपट पाहण्याचे व घडविण्याचे हे स्वातंत्र्य मुख्यतः पुरुषांचे आहे, ही बाब त्यामुळे अचर्चितच राहते.

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला आणि हीच माणसे व्यावसायिक अभिनेत्यांच्या रूपात पडद्यावर आली. मालेगावची कथा अशा रीतीने मुंबईपर्यंत पोहोचली. मात्र पुनर्निर्मितीत श्रमांचाही अभिनय करावा लागतो. माहितीपटात ते श्रम प्रत्यक्ष घडत असताना टिपलेले आहेत. म्हणूनच चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासकाला मूळ कलाकृतीकडे पुन्हा वळावे लागते.